वाऱ्याचा एंड

"सर, कोट घाला," मी म्हणालो आणि पंचांचा पांढरा कोट त्यांच्यापुढं धरला.

तेरदाळे सरांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "मी नाही उभा राहणार. दुसरं कुणीतरी बघा."

"दुसरं कोण हाय सर? पंचांची परीक्षा पास झालेलं हितं तुम्ही एकटंच."

"भुपा, मी तुझा कोच आहे. बरं दिसत नाही ते."

इचलकरंजीच्या मैदानावर मॅटिंग ताणून झालेलं, खिळे ठोकून झालेले, दोन्ही टीमा कपडे करून तयार. आमची जिल्ह्याची टीम आणि समोर सोलापूर. सगळं होतं, फक्त एक पंच नव्हता. एक आला होता, दुसऱ्याची एसटी वाटेत कुठंतरी बंद पडलेली. एरवी आमच्यात पंच नसला तर कुणाचं अडत नाही. बॅटिंग करणाऱ्या टीमचा एखादा गडी बॅट्समनच्या बाजूला, स्क्वेअर लेगला उभा करायचा आणि खेळ चालू करायचा. पण ही निवडीची मॅच होती. पुण्याहून निवड समितीचे आगाशे आलेले, लिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "दोन्ही पंच परीक्षा पास झालेले पाहिजेत. नसतील तर ही मॅच मी धरणार नाही. मी आपला निघतो."

निघतो म्हणे! अहो, माझा जीव टांगणीला लागला होता. मी चोवीस वर्षांचा होतो. आधीची दोन वर्षं माझं नाव राज्याच्या संभाव्य यादीपर्यंत जाऊन तिथंच अडकलं होतं. यंदा आगाशे खास मला बघायला येणार, हे सरांनीच आठवडाभर आधी घरी येऊन सांगितलेलं. आईनं त्यांना त्या दिवशी जेवल्याशिवाय सोडलं नाही. आमच्या अख्ख्या गल्लीत बातमी झाली होती, की मगदुमांचा भुपाल रणजी खेळणार. आता पंच नाही म्हणून माणूस परत जाणार म्हणजे हातातोंडाशी आलेला घास गेला की!

सोलापूरचा कॅप्टन बिराजदार पुढं आला. वयानं आमच्यापेक्षा मोठा, सगळ्या जिल्ह्यांतनं खेळलेला. तो म्हणाला, "सर, तुमच्यावर कोण शंका घेणार? तुम्ही उभे राहा. आमची काही हरकत नाही."

"बघा! त्यांची हरकत न्हाई आणि तुमचीच हरकत?" मी म्हणालो, आणि लहान पोराला सदरा घालतात तसा मीच सरांना तो कोट घातला. एक हात, मग दुसरा हात. बटणंसुद्धा मी लावली.

सर माझ्याकडं बघत होते. "भुपा, परत एकदा विचार कर."

"इचार कसला करायचा त्यात? तुम्ही मैदानात असला की मला बरं वाटतंय."

आणि ते खरंच होतं. नववीत असताना शाळेच्या ग्राउंडवर सरांनी मला पहिल्यांदा बॉल टाकताना बघितलं. ते आमचे पी.टी.चे मास्तर. त्या दिवसापासून माझी शाळा सुटली, मी मागावर कामाला लागलो, पण सर काही सुटले नाहीत. रोज दिवस उगवायला त्यांची लुना आमच्या दारात फटफटायची. शिफ्टला जायच्या आधी मी बॉल टाकायचा आणि त्यांनी खेळायचा. ते दमले की बॅट ठेवून माझ्या पाठीमागं येऊन उभे राहायचे आणि ओरडायचे, "खांद्यातनं, भुपा! खांद्यातनं ताकद काढ!" पाठीमागं उभे राहायचे, कायम पाठीमागं. मला वाटायचं, आहे बाबा त्यांची सवय.

माझा उजवा हात कोपरात थोडा वाकडा आहे. लहानपणी गंजीवरनं पडलो, गावातल्या हाड बसवणाऱ्यानं ओढून बांधला, तो तसाच जुळला. आई म्हणायची, "ऱ्हाऊ दे. माग चालवायला सरळ हात कशाला लागतोय?" पण त्याच वाकड्या हातानं मी असा बॉल टाकायचो, की जिल्ह्यातले भले भले बॅट्समन मी रनअपला निघालो की आधी पाय मागं घ्यायचे. खोटं नाही सांगत. त्या वेळचे कुणी भेटले तर विचारा.

मॅच सुरू झाली. सोलापूरची बॅटिंग होती. आमचा कॅप्टन सदा हावळ माझ्याकडं नवा बॉल टाकतच होता, तेवढ्यात सरांनी त्याला बाजूला बोलावलं.

"सदा, मी शाळेच्या बाजूला उभा राहतो. भुपाला माझ्या एंडनं टाकू दे."

"पण सर, वारा तिकडनं हाय. पलीकडच्या एंडनं टाकला तर बॉल आणखी पळंल."

"असू दे. माझ्याच एंडनं टाकू दे."

सदानं मान हलवली. सरांचा शब्द आमच्यात कुणी मोडायचा नाही. मीही हसलो. म्हटलं, म्हातारा जवळ राहून गुपचूप काहीतरी सांगत जाईल. पण सर एक शब्द बोलले नाहीत. माझी टोपी घ्यायचे, बाहीत अडकवायचे आणि समोर बघत राहायचे.

त्या सकाळी मी कसा टाकत होतो, काय सांगू! वाऱ्याच्या विरुद्ध टाकत होतो तरी पहिल्या चार ओव्हरमध्ये तीन गडी काढले. एकाचा ऑफ स्टंप मॅटिंगच्या पार गेला. पब्लिक उठून नाचायला लागलं. मी प्रत्येक वेळी वळून सरांकडं बघायचो. ते पंच होते, हसता येत नव्हतं त्यांना, पण डोळ्यांत दिसायचं. नऊ वर्षं त्या माणसानं हेच बघायचं ठरवलं होतं, आणि आज बघत होता.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा आगाशेंनी सदाला हात करून बोलावलं. दोघं काहीतरी बोलले. सदा पळतच परत आला, त्याचं तोंड फुललेलं.

"भुपा, लेका, झालं तुझं काम! सायब म्हणत्यात पोरगा चांगला हाय. आता फक्त वाऱ्याच्या एंडनं दोन ओव्हर टाकू दे म्हणत्यात. खरा वेग बघायचाय त्यांस्नी."

सर जवळच उभे होते. ते एकदम म्हणाले, "नको."

"का सर?"

"चाललंय ते चांगलं चाललंय. कशाला बदलतोस?"

"अहो सर, आगाशे सायब सांगत्यात!"

सर माझ्याकडं वळले. "भुपा, तू सांग. याच एंडनं बरं पडतंय म्हण. तुझी लय बसली आहे म्हण."

मला राग आला, खरं सांगतो. म्हटलं ह्या माणसाला झालंय तरी काय? साक्षात लक्ष्मी टिळा लावायला आली आणि हे म्हणतात तोंड धुऊन येतो! "सर," मी म्हणालो, "वाऱ्याच्या एंडनं दांडी उडवून दावतो का न्हाई, तुम्ही बघाच."

पलीकडच्या एंडला दुसरे पंच उभे राहिले आणि सर चालत स्क्वेअर लेगला गेले. तिथं उभं राहिलं की बॉलर आडवा दिसतो, पायापासनं हातापर्यंत सगळा.

समोर बिराजदार होता. पहिला बॉल त्याच्या बॅटच्या कडेजवळनं फुर्रकन गेला. दुसरा त्याला दिसलाच नाही. पाठीवर वारा होता, अंगात काहीतरी संचारलं होतं. तिसरा मी आपटला, तो उसळून त्याच्या बरगडीत बसला. बिराजदारनं बॅट टाकली, छाती चोळत दोन पावलं फिरला आणि सरळ सरांकडं चालत गेला.

मी सवयीनं सरांकडं बघितलं. ते मान खाली घालून बुटांकडं बघत होते.

"सर," बिराजदार म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तुम्ही बघताय का?"

"बघतोय."

"नाही बघत. तिन्ही बॉलला तुमची मान खाली होती. मी तुमच्या नावावर मॅच मान्य केली सर. एकदा वर बघा. बघून म्हणालात की बॉलिंग आहे, तर मी परत तोंड उघडणार नाही. बरगडी मोडली तरी नाही."

सरांनी मान डोलावली.

मला काहीच कळेना. मला वाटलं, भ्याला गडी, आता नाटकं करायला लागला. अशा वेळी बॉलरनं काय करायचं असतं? आणखी जोरात टाकायचं. मी रनअप वाढवला. पळत आलो आणि जन्मात टाकला नसेल असा बॉल टाकला. बिराजदारची बॅट खाली यायच्या आधी मधला स्टंप उपटून कीपरच्या पायांत पडला.

मी दोन्ही हात वर करून पळत सुटलो, सरांच्याच दिशेनं. पंच असले म्हणून काय झालं, मिठी मारणार होतो मी त्यांना. आणि बघतो तर सरांचा उजवा हात खांद्याच्या रेषेत बाजूला धरलेला.

"नो-बॉल," सर म्हणाले. इतकं हळू, की पलीकडच्या पंचाला ऐकू गेलं नाही. मग त्यांनी परत सांगितलं, मोठ्यानं.

"पाय कुठं पुढं गेलाय सर?" मी ओरडलो. "पाय मागं होता माझा!"

"पाय नाही, भुपा," सर म्हणाले.

ज्यांनी क्रिकेट खेळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॉल टाकायचा असतो, दगड भिरकावतात तसा फेकायचा नसतो. हात वाकडा असला तर नियमाला त्याचं वावडं नाही, पण मग तो तेवढाच वाकडा राहिला पाहिजे. सोडताना कोपराला झटका बसला, वाकडा हात सरळ व्हायला गेला, की तो फेकी. फेकी म्हणजे चोर. बॉलरला त्यापेक्षा वाईट शिवी नाही. सकाळी स्क्वेअर लेगला दुसरे पंच होते, पण ते नवखे, सरांच्या पोराला फेकी म्हणायचं धाडस त्यांना कुठनं होणार?

पुढचा बॉल मी टाकला, सरांचा हात बाजूला. त्याच्या पुढचा टाकला, परत बाजूला. डोळ्यांत पाणी येऊन मला समोरचं धड दिसेना. सदा आला, माझ्या मुठीतनं बॉल काढून घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "जा, लाँग ऑनला उभा ऱ्हा."

मॅच संपायच्या आधीच आगाशे निघाले. जाता जाता सीमारेषेवर माझ्यापाशी थांबले. चांगला माणूस होता, उगाच नावं ठेवणार नाही. माझा हात हातात घेऊन कोपर हळूच वाकवून बघितलं. "लहानपणी मोडला होता का?"

"होय."

"तुझ्या कोचनं कधी काही सांगितलं नाही?"

"न्हाई."

"वाईट झालं बाळा. एकदा पंचानं देऊन टाकलं की आम्हाला काही करता येत नाही." एवढं म्हणून ते गेले, आणि माझी रणजीही त्यांच्याबरोबर गेली.

मॅच कोण जिंकलं ते मला आठवत नाही. सगळे पांगल्यावर सर रोलरवर एकटेच बसले होते. कोट अंगात तसाच. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. दिवसभर शिव्या तोंडात गोळा करून ठेवल्या होत्या, पण त्यांना बघितल्यावर एकच प्रश्न बाहेर आला.

"कधीपास्नं दिसत होतं सर?"

"पहिल्या दिवसापासनं."

"नववीपास्नं?"

"होय."

नऊ वर्षं! पाठीमागनं हात दिसत नाही. आडवं उभं राहिलं की दिसतो. म्हणून हा माणूस नऊ वर्षं माझ्या पाठीमागं उभा राहिला होता.

"मग सांगितलं का न्हाई? तवाच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी बॅटिंग केली असती, कीपिंग केलं असतं, न्हाईतर काहीच केलं नसतं! नुसता माग चालवला असता, पण गावाला वेड लावून बसलो नसतो!"

"पहिल्या महिन्यात सांगायला आलो होतो तुझ्या घरी," सर म्हणाले. "तू बाहेर पोरांना सांगत होतास, मी बॉलर होणार. आत आलो, चहा प्यायलो, तसाच परत गेलो. म्हटलं खांद्यातनं टाकायला शिकवू, कोपर आपोआप सुटेल. एक वर्ष बघू म्हटलं. मग आणखी एक. तू असा टाकायला लागलास, की माझ्याच्यानं सांगवेना. अरे, बावीस वर्षं पोरांना कवायत शिकवली मी. असा बॉल टाकणारा एक पोरगा मिळाला. एकच! तो मी माझ्या तोंडानं घालवू?"

"आणि आज घालवला न्हाई?"

सरांनी कोटाच्या बटणाला हात लावला, पण ते काढलं नाही.

"आज गप्प बसायचं होतं! नऊ वर्षं बसला, आणखी दोन ओव्हर बसला असता! कुणाचं काय गेलं असतं?"

"बसणारच होतो, भुपा. तीन बॉल बसलो की." सर म्हणाले. "बिराजदारनं विचारलं रे. तोंडावर विचारलं. पंचाला विचारलं त्यानं. कोचला विचारलं असतं तर मी छाती ठोकून खोटं बोललो असतो."

मी ढसाढसा रडलो. ते उठून माझ्या खांद्यावर हात ठेवायला आले, मी तो झिडकारला आणि चालत घरी आलो. आईनं जेवायला वाढलं, ते तसंच ताटात राहिलं. तिनं काही विचारलं नाही. गल्लीत बातमी माझ्याआधी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता लुना दारात आली. मी अंथरुणातच पडून होतो. ठरवलं होतं, उठायचं नाही. पण नऊ वर्षांची सवय, पाय आपोआप उठले. बाहेर सर उभे होते, हातात बॅट, खांद्यावर स्टंप, खिशात बँडेज. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते.

"चल," ते म्हणाले. "अजून काही गेलेलं नाही. कोपर घट्ट बांधू. हात आहे तेवढाच वाकडा ठेवायचा, झटका द्यायचा नाही. सहा महिन्यांत नवी ॲक्शन बसवू. पुढच्या वर्षी मी स्वतः पुण्याला जातो आगाशेंकडं."

मी लुनावर मागं बसलो. खरं सांगू? मला आशा वाटली. माणूस कसा लोचट असतो बघा.

शाळेच्या ग्राउंडवर सरांनी स्टंप ठोकले, वर बेल्स, म्हणजे लाकडी गिल्ल्या, ठेवल्या. माझं कोपर बँडेजनं आवळून बांधलं आणि स्वतः बॅट घेऊन समोर उभे राहिले. पॅड नाही, काही नाही.

"सर, पॅड घाला. लागंल."

"लागू दे. लागला तर आनंदच आहे. पूर्ण ताकद लाव."

मी पूर्ण रनअप घेतला. पूर्ण ताकद लावली. हात कानाजवळनं सरळ फिरला, कोपर हललं नाही. बॉल सुटला आणि मला हातातच कळलं. त्यात जीव नव्हता. सरांनी पाय पुढं टाकून तो आरामात अडवला.

"चांगला आहे. आणखी जोरात!"

दुसरा टाकला, तोही त्यांनी अडवला. मग तिसरा. चौथ्याला मी दातओठ खाऊन पळत आलो, अंगातलं होतं नव्हतं ते घातलं. पन्नाशी उलटलेला माणूस, चष्मा लावलेला, उघड्या नडग्यांनी उभा, आणि माझे बॉल असे अडवत होता की जणू शेजारच्या पोरानं गल्लीत टाकलेत. आदल्या दिवशी याच हातानं मी स्टंप उपटला होता. आता माझ्याकडं काहीच नव्हतं. सर "आणखी जोरात" म्हणायचे बंद झाले होते.

"एक शेवटचा टाकतो," मी म्हणालो.

टाकला. सरळ मधल्या स्टंपवर, कुणीही खेळावा असा. सरांची बॅट बरोबर रेषेत खाली आली, मी डोळ्यांनी बघितलं. आणि शेवटच्या क्षणी त्यांनी ती हळूच वर उचलली. बॉल खालनं गेला, स्टंपला टेकला. एक बेल थोडी डुगडुगली आणि पडली.

"गेला!" सर ओरडले. "बघितलंस? चुकलो मी! वेगात चुकलो! आहे भुपा, आहे अजून! अरे, फसलो की मी!"

नऊ वर्षांत मी त्यांना हजारो बॉल टाकले असतील. सरळ बॉल हा माणूस कधी चुकला नव्हता. ते हसत होते आणि चष्म्याखालनं पाणी गालावर आलेलं त्यांना कळतही नव्हतं.

"होय सर," मी म्हणालो. "चांगला पडला."

"मग! टाक आणखी."

मी जवळ गेलो, पडलेली बेल उचलून त्यांच्या हातात दिली आणि स्टंप उपटायला लागलो.

"अरे, काय करतोस? टाक की आणखी दोन."

"शिफ्टला जायचंय, सर."

त्या दिवशी गावच्या सुट्टीचा वार होता. सगळे माग बंद होते. सरांनाही ते माहीत होतं. त्यांनी बॅट काखेला मारली, माझ्या कोपरावरचं बँडेज हळूहळू सोडलं आणि म्हणाले, "चल, सोडतो तुला. उशीर नको व्हायला."